युद्धकाळातले कापड, धागा आणि रबराचे माहितीपट: नव्याने पाहणाऱ्यांसाठी

सायकलचा एखादा टाकाऊ टायर ब्लेडने कापून पाहा. रबराच्या थराखाली दोऱ्या दिसतील, एकमेकींना लागून तिरप्या रांगेत बसवलेल्या. टायरमध्ये हवेचा दाब आणि ओझं पेलतात त्या या दोऱ्या. रबर त्यांना धरून ठेवतं आणि रस्त्याची झीज सोसतं. टेक्स्टाइलच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सुरुवात या तुकड्यापासून करतो. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धातले कारखान्यांवरचे शैक्षणिक माहितीपट दाखवतो. कापड, धागा आणि रबर हे तीन वेगळे विषय नाहीत हे त्या तुकड्यामुळे आधीच पटलेलं असतं.

हे माहितीपट आज घरबसल्या फुकट पाहता येतात आणि यंत्रं शिकण्यासाठी त्यांच्याइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही. आजच्या कारखान्यात बहुतेक सगळं झाकणाखाली चालतं. १९४० च्या दशकात पेळू, बॉबिन, रूळ, साचा सगळं उघडं होतं आणि कॅमेरा अगदी जवळ नेता यायचा. मात्र नवखा माणूस नुसता पाहत सुटला तर निवेदकाच्या भारदस्त आवाजात वाहून जातो. म्हणून मी मुलांना सांगतो तो क्रम इथे लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेची आहेत, कारण तिथलं साहित्य सर्वाधिक खुलं आहे.

आधी नकाशा, मग पडदा

पहिल्या दिवशी काहीच लावू नका. आशियाचा नकाशा घ्या आणि त्यावर काही तारखा मांडा. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि रेशमाची आयात थांबली. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. डिसेंबर संपायच्या आत जपानी सैन्य फिलिपाइन्समधल्या दावावला पोहोचलं आणि मनिला हेम्प बंद झाला. मनिला हेम्प म्हणजे अबाका, केळीच्या कुळातल्या झाडाचा वाख. खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही, म्हणून जहाजांचे दोर त्याचेच असत. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये डच ईस्ट इंडीज (आजचं इंडोनेशिया) गेलं, आणि अमेरिकेला येणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी सुमारे नव्वद टक्के रबराची वाट बंद झाली.

रेशीम, वाख आणि रबर आठ-नऊ महिन्यांत हातचं गेलं. या काळातला बहुतेक प्रत्येक माहितीपट यातल्या एखाद्या टंचाईला उत्तर म्हणून बनला आहे. नकाशा डोक्यात नसेल तर शेतकऱ्याला भांगेच्या कुळातलं पीक लावायला सरकार का सांगतंय, किंवा बायकांचे फाटके मोजे गोळा का होताहेत, हे कोडंच राहतं. त्या मोज्यांचं सांगायचं तर, रेशीम जळताना मागे निखारा ठेवत नाही. मोठ्या तोफेत दारू भरायच्या पिशव्यांना म्हणून रेशमी कापड लागायचं. निखारा राहिला तर पुढची पिशवी आत सरकवताच भडका उडेल.

कुठे शोधायचं

इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या प्रेलिंजर संग्रहापासून सुरुवात करा. रिक प्रेलिंजर यांनी १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये असे चित्रपट गोळा करायला सुरुवात केली, जे शाळा, कंपन्या आणि सरकारी खात्यांनी एका कामापुरते बनवले आणि काम झाल्यावर फेकून दिले. २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो संग्रह घेतला. त्याचा मोठा भाग डिजिटल रूपात कोणालाही उतरवून घेता येतो. दुसरं ठिकाण अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार. ब्रिटनसाठी ब्रिटिश कौन्सिलने १९४० च्या सुमारास काढलेले माहितीपट आणि इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह पाहा.

शोधताना इंग्रजी स्पेलिंग वापरावं लागेल. नुसतं ‘टेक्स्टाइल’ टाकलंत तर फार पसारा येतो. पदार्थाचं नाव आणि वर्ष एकत्र टाका: रेयॉन, नायलॉन, कॉटन, वूल, सिंथेटिक रबर, टायर, आणि १९४१ ते १९४६ मधलं एक वर्ष. कंपन्यांच्या नावांनीही शोधा, कारण टायर कंपन्या शाळांना फुकट दाखवण्यासाठी चित्रपट बनवून घेत.

हक्कांबद्दल एवढं लक्षात ठेवा की अमेरिकेच्या केंद्र सरकारने स्वतः बनवलेल्या कामावर तिथे स्वामित्वहक्क नसतो. कंपन्यांच्या चित्रपटांचं तसं नाही. स्वतःच्या व्हिडिओत तुकडा वापरायचा असेल तर त्या पानावरची हक्कांची नोंद वाचूनच वापरा.

पहिली चाळीस सेकंदं थांबवून वाचा

नाव, संस्था आणि साहाय्य यांच्या पाट्या येतात तेव्हा थांबवा आणि वहीत उतरवून घ्या. पैसा कोणी दिला ते कळलं की चित्रपटाचा अर्धा स्वभाव कळतो.

स्थूलमानाने तीन जातकुळी सापडतील. कामगाराला हात कसा चालवायचा ते शिकवणारे चित्रपट ही पहिली. अमेरिकेच्या शिक्षण कार्यालयाने युद्धप्रशिक्षणासाठी १९४१ ते १९४५ मध्ये असे ४५७ बोलपट बनवले आणि प्रत्येकाबरोबर शिक्षकासाठी पुस्तिका दिली. त्यातले बरेच यंत्रशाळा आणि जहाजबांधणीचे आहेत. त्यांची शिस्त समजून घ्यायला दोन-तीन जरूर पाहा: कॅमेरा कामगाराच्या खांद्यावरून पाहतो, म्हणजे शिकणाऱ्याला स्वतःचेच हात दिसल्यासारखं वाटतं. दुसरी जातकुळी शाळांसाठीच्या चित्रपटांची, ‘कापसापासून कापडापर्यंत’ या वळणाची. तिसरी कंपन्यांची. त्यांच्यात यंत्रं सर्वांत देखणी दिसतात आणि अडचणी सर्वांत कमी.

लांबीही पाहा. १६ मिलिमीटर फिल्मचं ४०० फुटांचं रीळ बोलपटाच्या वेगाने सुमारे ११ मिनिटं चालतं. त्यामुळे यातले पुष्कळ चित्रपट दहा-अकरा किंवा वीस-बावीस मिनिटांचे असतात. सतरा मिनिटांचा चित्रपट अचानक सुरू होऊन मध्येच तुटत असेल तर तो अपुरा असण्याची शक्यता धरून दुसरी प्रत शोधा. मी एकदा घाईत अशीच एक कापलेली प्रत वर्गात लावली. तिच्यात कार्डिंगचा, म्हणजे तंतू विंचरून सरळ करण्याचा, भागच नव्हता, आणि पिंजलेल्या कापसाचं थेट सूत होतं असा समज घेऊन मुलं घरी गेली. पुढच्या तासाला तो दुरुस्त करावा लागला. तेव्हापासून आधी स्वतः पूर्ण पाहिल्याशिवाय मी काहीही दाखवत नाही.

वर्षाच्या नोंदीवरही डोळे झाकून विसंबू नका. युद्धापूर्वीच्या चित्रपटांना नवं निवेदन जोडून ते पुन्हा वापरले जात. रस्त्यावरच्या मोटारी, भिंतीवरची पोस्टरं, यंत्रांवर बायका किती दिसतात, यावरून खरा काळ ओळखता येतो.

पहिल्यांदा आवाज बंद

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. पहिला फेरा पूर्ण नि:शब्द पाहा. हातात पेन्सिल ठेवा आणि फक्त क्रियापदं लिहा: फोडतो, पिंजतो, ओढतो, पिळतो, गुंडाळतो, बुडवतो, दाबतो, कापतो, भाजतो. प्रत्येकासमोर वेळ टाका, म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंदांना काय चाललं होतं ते पुन्हा काढता येईल.

टायरची दोरी घेऊन हा सराव कसा होतो ते सांगतो. कापसाची गाठ फुटते, कार्डिंगमधून पेळू निघतो, ड्रॉइंग आणि रोव्हिंगमध्ये तो ओढून बारीक होतो, मग रिंग फ्रेमवर पिळून सूत होतं. इथपर्यंत इचलकरंजी-सोलापूरच्या कोणालाही ओळखीचं वाटेल. पुढे फरक पडतो. अनेक सुतं एकत्र पिळून जाड दोरी होते आणि ती मागावर जाते. त्या मागाकडे नीट पाहा. ताणा (उभे धागे) दाट आहे, पण बाणा (आडवे धागे) इतका विरळ की विसरून गेल्यासारखा वाटतो. मुलं दरवेळी विचारतात की हे कसलं कापड, हे तर हातात सुटेल. सुटायलाच हवं. इथे बाण्याचं काम एवढंच, की रबर चढेपर्यंत ताण्याच्या दोऱ्या रांगेत राहाव्यात. ओझं सगळं ताण्यावर.

मग हे कापड कॅलेंडर नावाच्या यंत्राच्या तापलेल्या रुळांमधून जातं, रबर दोऱ्यांच्या फटींत घुसतं, आणि तो पट्टा तिरपा कापला जातो. एक थर उजवीकडे झुकलेला, त्यावरचा डावीकडे. ब्लेडने कापलेल्या टायरमध्ये दिसलेली तिरपी रांग इथून येते. ड्रमवर थर चढतात, कडेला तारेची कडी बसते, वर जाड पट्टा येतो. हा कच्चा टायर बिनतळाच्या पिंपासारखा दिसतो. साच्यात वाफेची उष्णता आणि दाब मिळाला की गंधक रबराच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. चित्रपटात हे सगळं दोन मिनिटांत उरकतं, म्हणून इथे थांबत-थांबत पाहा.

हे निवेदनाशिवाय समजून घेतलेलं ज्ञान टिकतं. यंत्र काय करतं हे पडद्यावर दिसतं, ते का करतं हे तुम्हाला स्वतःला शोधावं लागतं.

दुसऱ्यांदा आवाजासकट, वहीत दोन रकाने

आता आवाज सुरू करा. डाव्या रकान्यात पडद्यावर दिसलं ते, उजव्यात निवेदक म्हणाला ते. दोन्ही जुळतात तिथे प्रक्रिया शिका. निवेदक बोलतो आणि चित्र फक्त झेंडा, जहाज किंवा धुराडं दाखवतं, तिथे प्रचार चालू आहे असं समजा. तो वगळू नका, त्यालाही इतिहास म्हणून मोल आहे.

सरावासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा १९४२ चा ‘हेम्प फॉर व्हिक्टरी’ उत्तम. इथला हेम्प म्हणजे अबाका नव्हे, वर म्हटलेलं भांगेच्या कुळातलं पीक. सुमारे चौदा मिनिटांचा आहे आणि सहज मिळतो. सुरुवात प्राचीन मंदिरं आणि शिडांची जहाजं यांनी होते, म्हणजे उजवा रकाना जोरात भरतो. मग शेत येतं. पेरणी, कापणी, आणि कापलेले दांडे शेतातच पसरून दवावर कुजवणं. आपल्याकडे अंबाडी पाण्यात बुडवून सडवतात आणि वाख सोलतात. तिथे पाण्याचं काम दव करतं, पण कारण एकच: सालीतला वाख काडीला चिकटवून ठेवणारा डिंकासारखा भाग सूक्ष्मजीवांनी खायला हवा. कमी कुजलं तर वाख सुटत नाही, जास्त कुजलं तर वाखच कमजोर होतो. पुढे केंटकीतला हाताने दांडे मोडायचा जुना लाकडी घोडा दिसतो आणि नंतर गिरणीतली यंत्रं. घोडा आणि यंत्र ही दोन दृश्यं पाठोपाठ तीन-चार वेळा पाहा. काम तेच आहे, काडी मोडून झटकून टाकायची.

हे पीक १९३७ च्या कायद्याने करपरवान्याखाली आलं होतं आणि तो परवाना चित्रपटातही दाखवला आहे. युद्धासाठी ४२ सरकारी गिरण्या उभ्या राहिल्या. युद्ध संपताच त्या बंद पडल्या आणि चित्रपटही इतका विस्मृतीत गेला, की १९८९ मध्ये कार्यकर्त्यांनी त्याच्या व्हिडिओ प्रती लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे दिल्या तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला.

रबरासाठी थोडं रसायन आधी वाचा

कृत्रिम रबराचे चित्रपट थेट पाहिले तर टाक्या आणि नळ्यांपलीकडे हाती काही लागत नाही. कारणही तसंच: काही गोष्टी युद्धकाळात गुप्त होत्या आणि नळीच्या आत काय चाललंय हे कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून आकृत्या आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांवर भागवलेलं असतं.

समजून घ्यायचं ते असं. नैसर्गिक रबर हा झाडाचा चीक. अमेरिकेच्या सरकारी कार्यक्रमातलं मुख्य कृत्रिम रबर होतं जीआर-एस: वजनाने तीन भाग ब्युटाडाईन आणि एक भाग स्टायरिन या दोन रसायनांचं. ही दोन्ही साबणाच्या पाण्यात घुसळून, सुमारे ५० अंश सेल्सिअसला त्यांची साखळी जोडली जाते. सुमारे तीन चतुर्थांश पदार्थ जोडला गेला की क्रिया मुद्दाम थांबवतात, नाहीतर रबर ताठर होतं. तयार होतो तो कृत्रिम चीकच. मीठ आणि आम्ल घातलं की दूध नासावं तसा तो फाटतो, चोथा धुऊन वाळवतात आणि गाठी बांधतात. या नासण्याचं दृश्य बऱ्याच चित्रपटांत आहे. वर्गातल्या मुलींनी पनीरशी तुलना केली आणि ती अगदी योग्य आहे.

१० सप्टेंबर १९४२ ला रबराच्या प्रश्नासाठी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या बर्नार्ड बारूक यांच्या समितीने अहवाल दिला, की रबराचा प्रश्न सुटला नाही तर युद्धच धोक्यात येईल. त्याआधी २६ एप्रिलला फायरस्टोनने या कार्यक्रमातली पहिली गाठ तयार केली होती आणि वर्ष संपण्याआधी गुडइयर, युनायटेड स्टेट्स रबर आणि गुडरिच यांनीही आपापली पहिली गाठ काढली. स्पर्धक कंपन्यांनी एकच कृती वाटून घेतली होती. १९४२ मध्ये जेमतेम काही हजार टन असलेलं उत्पादन १९४५ मध्ये, इतर कृत्रिम रबरं धरून, आठ लाख टनांच्या वर गेलं.

हा वेग चित्रपट अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान खोटा नाही. एक गोष्ट मात्र सहसा घाईत उरकतात. जीआर-एसला नैसर्गिक रबरासारखा अंगचा चिकटपणा नव्हता, त्यामुळे टायरचे थर एकमेकांवर बसवणं अवघड जाई. शिवाय ते चालताना जास्त तापे. जड ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर मिसळावंच लागे. उष्णतेने कापसाची दोरी कमजोर होते, म्हणून जड टायरमध्ये रेयॉनची, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याची, दोरी आली. रेयॉनचा धागा गुळगुळीत. कापसाच्या सुताला लव असते, तिला रबर पकडतं. रेयॉनला ती नाही. म्हणून दोरी आधी एका चिकट द्रावणात बुडवावी लागते.

पाहा, रबर बदललं म्हणून धागा बदलला, धागा बदलला म्हणून आणखी एक टाकी वाढली. रेयॉनच्या चित्रपटात ती बुडवायची टाकी दिसली की थांबवा आणि ती तिथे का आहे ते सोबतच्यांना विचारा. त्याचं उत्तर रबराच्या चित्रपटात आहे. दोन्ही जोडीने लावा ते यासाठी.

नायलॉनचं थोडक्यात: ड्यूपाँट या रसायन कंपनीचा सीफर्ड गावातला कारखाना १९३९ च्या शेवटी सुरू झाला, १५ मे १९४० ला मोजे देशभर विक्रीला आले, आणि १९४२ पासून तोच धागा पॅराशूट आणि दोरांकडे वळला. मोज्यांचे चित्रपट आणि पॅराशूटचे चित्रपट यांत यंत्रं पुष्कळदा सारखीच दिसतील.

चौकटीबाहेर कोण राहिलं

प्रत्येक चित्रपटानंतर हा प्रश्न वहीत लिहा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापूस-चित्रपटांत शेतात कृष्णवर्णीय मजूर दिसतात. गिरणीत शिरल्यावर ते आहेत का पाहा. तिथल्या गिरण्यांनी १९६० च्या दशकापर्यंत त्यांना सूतकताई-विणकामाच्या कामांपासून जवळजवळ दूरच ठेवलं होतं. ग्वायुले या वाळवंटी झुडपातून रबर काढायच्या प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या मांझानारच्या छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांनी संशोधन केलं. ब्राझीलने सुमारे ५५ हजार माणसं अमेझॉनच्या जंगलात चीक काढायला पाठवली आणि त्यातली हजारो परतली नाहीत. सिलोनच्या मळ्यांत झाडं मरणार हे धरूनच त्यांतून चीक ओरबाडला गेला. आणि जर्मनीच्या आयजी फार्बेन या रसायन कंपनीने ऑशविट्झजवळ मोनोविट्झला कृत्रिम रबराचा कारखाना उभारायला छळछावणीतले कैदी राबवले. त्या कारखान्यातून रबर कधी निघालंच नाही. माणसं मात्र हजारोंनी मेली. टायर हा शब्द वर्गात हलका होऊ नये म्हणून मी हा भाग कधीच गाळत नाही.

आपल्याकडचं काय

युद्धकाळात हिंदुस्थान सरकारने आधी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड (१९४०) आणि मग इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया (१९४३) काढलं. बोर्डाचे काही काळ व्ही. शांताराम मुख्य निर्माते होते. १९४३ मध्ये प्रत्येक थिएटरला प्रत्येक खेळात २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवण्याची सक्ती झाली. वरचा हिशोब ३५ मिलिमीटरला लावा, मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे बावीस मिनिटं. हे चित्रपट पाहताना दोन रकान्यांचा सल्ला दुप्पट कडक पाळा, कारण त्याच वर्षी कापड इतकं महागलं होतं की सरकारला नियंत्रण आदेश काढून कापडावर किंमत छापायला लावावी लागली. मुंबईच्या गिरण्या लष्करासाठी रात्रंदिवस चालत होत्या आणि घरातल्या बाईला लुगडं मिळत नव्हतं. या काळातल्या चित्रपटांच्या नोंदींसाठी ‘कलोनियल फिल्म’ ही ऑनलाइन सूची चाळा. पुण्यात असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात त्या काळची नियतकालिकं पाहायला जा.

शेवटची पायरी सोपी आहे, पण मुलं ती टाळतात. तुमच्या घरात, चाळीत किंवा गावात गिरणीतून निवृत्त झालेलं कोणी असेल, तर त्यांच्यासोबत एक चित्रपट पाहा. त्रासन (सूतकताईच्या) खात्यात काम केलेल्या एका आजोबांना मी रिंग फ्रेमचं दृश्य दाखवलं होतं. चित्रपट अमेरिकेचा, निवेदन इंग्रजी, आणि ते पडद्यावरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, “तिचा धागा तुटलाय, तिला दिसला नाही अजून.” मी तो चित्रपट त्याआधी निदान दहा वेळा पाहिला होता. अशा जुन्या गिरणी कामगारासमोर लावाल तेव्हाही आवाज बंदच ठेवा, आणि वही जवळ असू द्या.